टेपवरचा बेस आणि माझं एक 'हो'

काशीभाऊ,

परवा तुझ्या शोकसभेत मी भरसभेत खरं बोललो आणि लोक हसले.

जव्हारच्या त्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. बाहेर सांगताना मी पाचशे सांगतोय, पण तुला पन्नासच सांगतो. पंचायत समितीतले तुझे जुने कारकून, जामसरचे भाऊबंद, मोखाड्याचे बोहाड्याच्या जत्रेत मुखवटे चढवून सोंगं घेणारे आणि संबळवाले, पुढच्या रांगेत वहिनी आणि तुझी लेक मंदा. काशीभाऊच्या बेस गिटारबद्दल बोलायचं तर बाळूच पाहिजे, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मला उठवलं. मी उठलो आणि म्हटलं, "ज्या गौरीच्या गाण्याचा बेस टेपवरचा आहे म्हणून काशीभाऊ गावोगाव सांगत फिरला, तो टेपवरचा नव्हता. तो मी कॉम्प्युटरवर केला होता आणि त्याला खोटं सांगितलं होतं."

मग मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा हॉल. तुझा धाकटा भाऊ डोळे पुसता पुसता म्हणाला, "बाळू, आज तरी थापा नको मारू रे." वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, असं नंतर कुणीतरी मला कौतुकाने सांगितलं. मी खाली बसलो. बाजूच्याने पाठीवर थाप दिली.

तीस वर्षं लोकांना बनवून जी पत कमावली, ती अशी फळाला आली. म्हणून आता लिहितोय. लिहिलेल्यावर माणसं जरा कमी हसतात. आणि बोलण्याचा मला कंटाळा आलाय, भाऊ. कधी नव्हे तो.

थापा मारायला समोर तुझ्यासारखा माणूस लागतो. मी चारचौघांत सांगायचो, दाभोस्याला काशीभाऊने बेसची सगळ्यात जाडी तार छेडली आणि धबधबा दोन सेकंद थांबला. तू बाजूला बसलेला असायचास, बिडी विझवत. मान वर न करता म्हणायचास, "दोन नाय, एक." माझी थाप तू कधी मोडली नाहीस. नुसती छाटायचास. आणि छाटली की ती लोकांना खरी वाटायची. परवा हॉलमध्ये छाटायला कुणी नव्हतं, आणि नेमकं तेव्हा सगळं खरं होतं.

किराणा दुकानाच्या माडीवरची माझी रेकॉर्डिंगची खोली तुझ्याशिवाय कशी दिसते ते तुला सांगायला नको. भिंतींना त्याच गोधड्या, खिडकीला तोच पुठ्ठा. ऑफिस सुटलं की तू बेस खांद्याला लावून जिना चढायचास. निवृत्त झाल्यावर तर सकाळपासूनच. कामं काय, लग्नाची गाणी, निवडणुकीच्या घोषणा, कुणाच्या जत्रेची जाहिरात. पण पाड्यावरचं मंडळ तीन कडव्यांचं गाणं घेऊन आलं तरी तू त्याचा बेस असा घासत बसायचास, की जणू ते परदेशात जाणार आहे.

बेसचा आवाज नागलीच्या भाकरीसारखा असला पाहिजे, हे तुझं म्हणणं. काळपट, जाडसर, तव्यावरून नुकता उतरलेला. "ऐकणाऱ्याला कळता कामा नये की बेस वाजतोय. गाणं थांबल्यावर मात्र पोटात भूक लागल्यासारखं झालं पाहिजे." त्यासाठी तुझी नाटकं काय कमी होती? वीस वर्षांत तू तारा बदलल्या नाहीस. नवी तार किणकिणते, तिला स्वतःचंच कौतुक फार, तारा लोणच्यासारख्या मुरल्या पाहिजेत. घोडीपाशी तारांखाली निळ्या स्लिपरचा रबराचा तुकडा कापून सरकवलेला, म्हणजे स्वर रेंगाळत नाही, धप्प करून जागेवर बसतो. नख लावायचं नाही, अंगठ्याच्या मांसाने वाजवायचं. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटचा संस्कार म्हणजे टेप.

ते तुझं स्पूलचं मशीन. ठाण्याच्या ऑर्केस्ट्रात सहा वर्षं वाजवून तू परत आलास तेव्हा बरोबर आणलंस काय, तर एक बेस गिटार आणि ते धूड. मी लोकांना सांगतो, त्याच्या वजनाने घाट चढताना एसटी दोनदा मागे सरकली. खरं तर एका माणसाला जड आणि दोघांना हलकं, एवढंच होतं.

आता हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो, नाहीतर त्यांना वाटेल दोन म्हातारे एका खोक्यावरून भांडत होते. टेपवर आवाज जरा जोरात घातला की ती तो जसाच्या तसा घेत नाही. वरची टोकं दाबते, कडा घासून गोल करते, तळाला थोडी सूज आणते. त्या दबण्यात तुझी ती ऊब होती. माझं म्हणणं, हे सगळं आता कॉम्प्युटर करतो. टेपची नक्कल करणारं प्लगइन लावायचं, दोन बटणं फिरवायची, काम झालं. या एका विषयावर आपण अकरा वर्षं भांडलो.

"टेप आवाज झेलते रे. तुझा डबा नुसता लिहून घेतो."

"परवा तुझ्या टेपने झुरळ झेललं होतं, भाऊ."

"जुनं झुरळ होतं. त्याला चव होती."

आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने भिंती घाम गाळतात. टेपला बुरशी धरते. त्यावर तू जो तोडगा काढलास तो जगात दुसऱ्या कुणी काढला नसेल. स्पूलचे डबे जामसरच्या घरी नागलीच्या कणगीत पुरून ठेवायचे. नागली वर्षानुवर्षं किडत नाही, ओल धरत नाही, मग टेप तरी का सडेल? आणि सडली नाही, हे मान्य. पण एकदा एक दाणा स्पूलच्या चाकात अडकला आणि दर फेऱ्याला टुक, टुक व्हायला लागलं. गाणं सूर्यमाळच्या मंडळाचं होतं. त्यांना ते टुक इतकं आवडलं की पुढच्या गाण्यातही तेच पाहिजे म्हणून अडून बसले. मी गावभर सांगितलं, टेपला पावसात कोंब फुटले आणि वहिनींनी खुडून त्याची भाजी केली. वहिनींना बाजारात बायका अजून विचारतात, भाजी कशी लागली.

हे सांगताना बरं वाटतं. म्हणून लांबवतोय. तुझ्या लक्षात आलं असेलच.

चार पावसाळ्यांपूर्वी, ऐन आवणीत, भाताच्या लावणीला, तू जामसरला शेतावर गेलास. गौरीनाचाचं एक गाणं आपल्याकडे होतं आणि मंडळाला ते सणाआधी हवं होतं. तुझा बेस कॉम्प्युटरवर घेऊन झाला होता. तो मशीनमधून फिरवून परत आत घ्यायचा, एवढं एक काम तू माझ्यावर सोपवून गेलास. मी मशीन लावलं. आतला पट्टा दमट हवेने सैल झालेला. टेप प्यायल्यासारखी चालत होती, बेस डुलत होता. दुपारभर खटपट केली आणि सोडून दिली.

मग मी कॉम्प्युटरवर बसलो. दोन दिवस बसलो. तू नेहमी मागे बसून सांगायचास ते सगळं आठवत बसलो. वरचं काप. अजून काप. एवढं नको, लाकूड दिसू दे. तुझ्या रिकाम्या टेपची सूं टिपून घेतली आणि तीही खाली अंथरली. कुणाच्या कामावर मी एवढा खपलो नसेन.

तू आलास तो पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. दारातच विचारलंस, "टेपवरनं फिरवलास ना?"

मी म्हटलं, "हो."

माझी आजवरची सगळ्यात छोटी थाप. आणि कबूल करतो, तो सापळा होता. तू कौतुक करायचंस, मी टाळी वाजवायची, अकरा वर्षांचं भांडण एका झटक्यात जिंकायचं आणि मग मरेपर्यंत तुला छळायचं. टाळीसाठी हात तयार ठेवले होते मी.

तू नेहमीसारखी खुर्ची भिंतीकडे फिरवलीस. स्क्रीन बघितली की कान आळशी होतात, हा तुझा नियम. गाणं वाजलं. संपलं. तू वळला नाहीस. भिंतीलाच म्हणालास, "हाच. ठाण्याहून आल्यापासून हाच शोधत होतो. बाबा असता तर त्याला ऐकवला असता. तो म्हणायचा, काशा, तुझं ते वाजतंय का बंद हाय, कळतच नाय."

मग वळलास. डोळे भरले होते तुझे. माझं तोंड उघडलेलंच होतं. त्यातून "चहा मागवू का?" एवढंच बाहेर पडलं.

त्यानंतर तू ते गाणं मोबाईलमध्ये घालून मोखाड्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलंस. जीपमध्ये, ऑफिसात, लोकांच्या ओटीवर. "ऐका, ही टेप." आणि मी बाजूला बसून मान डोलवायचो. मला वाटायचं, काय बिघडतंय? माणूस खुश आहे. माझ्या एवढ्या थापा पचल्या, ही पण पचेल.

ती पचली नाही ती सोंगांमुळे.

बोहाड्यात प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. मुखवटा चढवून सोंग नाचत येतं, मागे संबळ आणि पिपाणी. गणपतीचं पाऊल वेगळं, शारदेचं वेगळं, रावणाचं त्याहून वेगळं. लहानपणापासून तू त्या पावलांखाली मनातल्या मनात बेस वाजवत आला होतास. संबळवाल्यांच्या मागे उभा राहायचास आणि तुझा डावा हात शर्टाच्या बटणांवर वरखाली चालायचा. बावीस सोंगांना बावीस चाली बसवल्या होत्यास. कागदावर एक अक्षर नाही. सगळं बोटांत.

मी दरवर्षी म्हणायचो, "भाऊ, सोंगं घेऊन टाकू या."

आणि तू म्हणायचास, "घेऊ. पण टेपवर. त्या गौरीच्या गाण्यासारखी."

आता सांग, मी काय करणार होतो? पुढच्या पावसात मशीनची मोटरच गेली. तुला घाई नव्हती. एकदा तो आवाज मिळाला होता, म्हणजे पुन्हा मिळणार होता. तू मशीन घेऊन नाशिकला जायला लागलास. एकदा, दोनदा, सहादा. हे सहा मी वाढवलेले नाहीत. एका खेपेला मी बरोबर होतो. मशीन तुझ्या मांडीवर, कंडक्टर समोर.

"याचं तिकीट फुल काढायचं का हाफ?"

"ज्येष्ठ नागरिक हाय," तू म्हणालास. "सवलत लावा."

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत होतो. ठरवलं होतं, मोखाडा आलं की सांगायचं. मोखाडा आलं, तू भजी घेतलीस. म्हटलं, त्र्यंबकला सांगू. त्र्यंबकला तू मशीनवर डोकं टेकून झोपला होतास. नाशिकच्या माणसाने मोटर उघडली, बघितली आणि हा भाग आता मिळत नाही म्हणाला. येताना तू म्हणालास, "मिळेल रे. कुठंतरी एखादं मशीन पडलेलं असंल." मी म्हटलं, "मिळेल." धबधबे थांबवणारा माणूस मी, पण एक साधं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

तुला राग आला असता, हे भय नव्हतं. तू त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून जे ऐकलंस ते तुझ्याकडून काढून घ्यायचं, हे मला जमेना. खरं सांगायचं तर ते तुझंच होतं. बोटं तुझी, तारा तुझ्या, स्लिपरचा तुकडा तुझा, आणि बटणं फिरवणारे कानसुद्धा तूच घडवलेले. टेप नव्हती, बाकी सगळा तूच होतास त्यात. एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. हे शब्द मला तेव्हा सुचले नाहीत. आज सुचतात. भाऊ, माणूस माझ्यासारखा बडबड्या असला म्हणजे त्याला वेळेवर शब्द सुचतात असं कुणी समजू नये.

यंदा शिमग्याआधी तू आपणहून जिना चढलास. मधल्या पायरीवर बसलास, मग वर आलास. म्हणालास, "गणपतीचं तेवढं घेऊन ठेव. कच्चं. मशीन झालं की फिरवू."

"आणि बाकीची?"

"बाकीची मशीन झाल्यावर."

एक मिनिट चाळीस सेकंद वाजवलंस. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलंच ठेवलं होतं, म्हटलं पुढचं सुरू करेल. तू बेस पिशवीत घातलास.

तुला स्मशानात पोचवून आलो तेव्हापासून रोज ते एक मिनिट चाळीस सेकंद उघडतो. आठ दिवस खपून त्यावर सगळे प्रयोग केले. टेपची नक्कल लावली, काढली. पुन्हा लावली. गौरीच्या गाण्याहून चांगला आवाज निघालाय. तू फसला असतास. पण मला आता फसवायचं कुणाला?

काल मंदा आली. मोखाड्याच्या दवाखान्यातली तिची पाळी संपवून, जीपने, नर्सच्या साडीतच. खुर्चीवर बसली. तुझ्या नाही, दुसऱ्या.

"काका, परवा सगळे हसले. मी नाय हसले."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"खरं होतं ते?"

"हो."

"वाढवून नाय ना सांगत?"

"नाही."

मी कॉम्प्युटर चालू करायला गेलो, तिला गौरीचं गाणं उघडून दाखवावं म्हणून. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळणार? तोंडानं सांगा."

मग सांगितलं. आवणीपासून नाशिकपर्यंत. कुठे रंगवलं नाही. रंगवल्याशिवाय गोष्ट किती लहान असते, भाऊ. पाच मिनिटांत संपली.

"म्हणजे बाबा ते मशीन मांडीवर घेऊन जायचे, ते या गाण्यासाठी?"

"हो."

"त्यांच्या कमरेला मी शेक देत होते. विचारलं तर सांगायचे, खुर्चीत बसून दुखते." तिने पर्स मांडीवर ओढली. "किती चाली होत्या?"

"बावीस."

"तुमच्याकडे किती?"

"एक."

खाली जीपवाला मोखाडा मोखाडा ओरडत होता. तिने खिडकीकडे बघितलं, पण उठली नाही.

"तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"दोन दिवस बोलला नसता." मग मीच माझं छाटलं. "दोन नाही, महिनाभर. मग आला असता."

"आणि सगळ्या दिल्या असत्या?"

"दिल्या असत्या."

मला वाटत होतं, तिने काहीतरी बोलावं. शिव्या द्याव्यात, रडावं, नाहीतर जाऊ द्या काका म्हणावं. तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाली, "आईला मी सांगेन. तुमच्या तोंडून तिला खरं वाटणार नाय."

"बरं."

"ते गणपतीचं लावा."

"टेपसारखं केलेलं आहे आणि कच्चंही आहे. कुठलं लावू?"

"आहे तसं."

मी आहे तसं लावलं. सूं नाही, ऊब नाही, नुसता तू. सुरुवातीला तुझं खोकणं आहे, ते मी सगळीकडून काढलं होतं, यात राहिलंय. ती पाय जमिनीवर जुळवून बसली आणि अंगठ्याने मांडीवर हळू ठेका धरत ऐकलं. बोहाडा तिनेही लहानपणापासून बघितलाय. पाऊल तिला बरोबर सापडलं.

संपल्यावर तिने विचारलं, "गणपतीनंतर कोण येतं? शारदा ना?"

"शारदा."

"तिचं कसं होतं?"

मी डोळे मिटले. शारदेची चाल तू मला या खोलीत कितीदा तरी वाजवून दाखवली होतीस. तोंडाने सुरू केलं. धुम्, धुम्-धु, मग एक मात्रा रिकामी, मग खाली उतरणारे ते तीन स्वर. तिथपर्यंत आलं. पुढे तू एक वळण घ्यायचास, संबळच्या उलट्या अंगाने. तिथे मी थांबलो. पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथेच थांबलो.

मंदा वाट बघत होती. "पुढे?"

पुढे काहीतरी लावून देता आलं असतं. संबळच्या चालीवर बसेल असं काहीही. तिला कळलं नसतं, मोखाड्यात कुणाला कळलं नसतं. माझ्या तोंडात ते तयारही झालं होतं.

"पुढचं मला येत नाही," मी म्हटलं.